चिखलणी आटोपल्यावर मिनी ट्रॅक्टर उघड्यावर कसा ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात चोडणच्या खाजनातली (खाडीकाठच्या खारट, बांध घातलेल्या शेतातली) चिखलणी जुलैत संपते, मग 24 एचपीचा ट्रॅक्टर नोव्हेंबरपर्यंत अंगणात उभा. शेड नाही. निळी ताडपत्री घट्ट गुंडाळली आणि आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू केलं तर पुरे का? दोन्ही गोष्टी करू नका. त्यांनी ट्रॅक्टर जास्त लवकर खराब होतो.

गुंडाळलेल्या प्लास्टिकखाली जमिनीतली वाफ चढते, रात्री आतल्या बाजूला पाणी धरतं आणि तेच थेंब यंत्रावर गळत राहतात. वारा लागत नाही म्हणून काहीच सुकत नाही. वरून भिजून उन्हाच्या तिरपीत सुकणारा ट्रॅक्टर परवडला, पण महिनाभर घामेजलेला नको. शिवाय ताडपत्री फडफडून बॉनेटच्या कडांचा रंग घासते, आणि तिथूनच गंज धरतो.

म्हणून माटव (मांडव) घाला. पोफळीचे किंवा बांबूचे चार खांब आणि वर पत्रे, साधारण 4 मीटर बाय अडीच मीटर. अवजार काढून ठेवलं तर एवढी जागा पुरते. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा असतो, तेव्हा उतार त्या बाजूला द्या आणि तेवढीच बाजू झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) अर्ध्यापर्यंत झाका. बाकी मोकळं राहू दे. पत्रे परवडत नसतील तर ताडपत्रीच वापरा, पण खांबांवर ताणून, ट्रॅक्टरपासून निदान फूटभर वर, मध्ये पाणी साचणार नाही अशी. जागा माडाखाली नको. नारळ नाही पडला तरी चुडत (सुकी झावळी) पडतं आणि हेडलाइट जातो. घराच्या पागोळ्या पडतात तिथेही नको, तांबड्या चिखलाचे शिंतोडे अॅक्सलपर्यंत उडतात. चाकांखाली जाड फळ्या घाला आणि हवा पुस्तकात दिलेल्या दाबाइतकी भरा. ट्रॅक्टर उचलून ठेवायचा असेल तर जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर टेकवू नका. भिजलेला चिरा एका जागी भार आला की फुटतो. लाकडाचे ठोकळेच घ्या.

ठेवण्याआधी धुणं नीट व्हायला हवं. पावसाने खाजनातला खार बराच उतरतो, तरी चिखलात तो उरतोच. गोड्या पाण्याने केजव्हील (चिखलासाठी लावलेली लोखंडी चाकं), हब, पुढचा अॅक्सल, रोटाव्हेटर सगळं धुवा. प्रेशर पंपाची धार ऑइल सील, अल्टरनेटर आणि रेडिएटरच्या पंखांवर सरळ मारू नका. धुतल्यावर अर्धा तास ट्रॅक्टर फिरवा म्हणजे गरमीने पाणी निघेल, आणि मग प्रत्येक निप्पलला ग्रीस मारा. जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस कडेने बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारायचं. दोन पंप मारून सोडलं तर पाणी आतच राहतं. पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) दात्यांवर ग्रीस चोपडून टोपी घाला. रोटाव्हेटर फळीवर उतरवून ठेवा, शाफ्टच्या टोकांना गुंडाळलेला पेंढा आणि सुतळी सुरीने कापून काढा. ती सीलखाली शिरते आणि तेल गळायला लागतं. पात्यांना ग्रीस लावा. जळकं ऑइल पुष्कळ जण लावतात, पण विहीर जवळ असेल तर ते टाळावं.

इंजिन ऑइल ठेवण्यापूर्वी बदला, नोव्हेंबरात नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, ते चार महिने बेअरिंगला लागून राहतं. बदलल्यावर दहा मिनिटं चालवा म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या टाकीत हवा असते, तिच्यातला दमटपणा पत्र्यावर धरून तळाशी पाणी होतो. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढून काळा गाळ होतो आणि फिल्टर तुंबतो. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी तेव्हाच सोडून द्या. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी असेल तर काढून तयार कूलंट भरा. इथे पाणी गोठायची भीती नाही, गंजाची आहे.

आता पाणी आत जाण्याच्या वाटा. उभा सायलेन्सर असेल तर त्याच्यावर पत्र्याचा डबा उलटा घाला. झाकणाची बिजागरी गंजून उघडीच राहते, तिच्यावर भरवसा नको. सायलेन्सरमधून गेलेलं पाणी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात उतरतं. मग नोव्हेंबरात स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डबा घातलाय याची आठवण म्हणून स्टिअरिंगला तांबडं फडकं बांधा. एअर क्लिनर ऑइलचा असेल तर वाटी काढून तेल बदला, खाली पाणी बसलेलं असतं.

दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही: गिअर लिव्हरचे रबरी बूट. उन्हाने त्यांना बारीक चिरा पडतात, आणि पाऊस लिव्हरवरून ओघळून सरळ गिअरबॉक्समध्ये जातो. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, म्हणजे पाणी लिफ्टच्या पंपापर्यंत जातं. डिपस्टिक काढून बघा: तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर ते बदलायलाच हवं, उकळून पाणी उडत नाही. हे तेल इंजिनाच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त लागतं, त्यामानाने नवा बूट फुकटच. तोवर जुन्या ट्यूबचा तुकडा लिव्हरभोवती गुंडाळून तारेने आवळा आणि वरच्या कडेला ग्रीस भरा. लिफ्टचे हात खाली सोडून ठेवा, सीट पुढे दुमडा.

क्लचचं तर मुद्दाम सांगतो. कोरडी क्लच प्लेट दमट हवेत फ्लायव्हीलला गंजून चिकटते, मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. उपाय फुकटातला आहे: पेडल पूर्ण दाबून लाकडाचा तुकडा अडकवा. काही मॉडेलना यासाठी हूकच दिलेला असतो. हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नका, लायनिंग चिकटतं. चाकांना पाचर लावा.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह. घरात फळीवर ठेवा, महिन्याला व्होल्टेज बघा. पूर्ण भरलेली 12.6 दाखवते, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली.

उंदरांसाठी डांबरगोळ्यांवर विसंबू नका. ट्रॅक्टरजवळ पेंढा, भात, गुरांचं खाणं ठेवू नका आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावा. वायरिंग कुरतडणारे उंदीर बहुधा ऊब आणि आडोशासाठी आलेले असतात. पावसात बॉनेट उघडताना हात घालण्याआधी टॉर्च मारा, तोच आडोसा सापांनाही आवडतो.

इंजिन मध्ये चालू करायचं की नाही? पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. डिझेल जळताना तयार झालेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते, म्हणजे दर आठवड्याला तुम्ही स्वतःच आत पाणी घालता. चालवायचाच तर तीन आठवड्यांतून एकदा, उघडीप असेल तेव्हा, बॅटरी जोडून, डबा काढून, तापमानाचा काटा मध्यावर येऊन निदान वीस मिनिटं तरी चालेल असा. लिफ्ट वरखाली करा, ब्रेक मारा, पीटीओ फिरवा. एवढं जमणार नसेल तर चार महिने बंदच राहू द्या.

नोव्हेंबरात सुरू करताना स्टॉप नॉब (इंजिन बंद करायचा) ओढून दहा सेकंद सेल्फने, म्हणजे स्टार्टरने, इंजिन फिरवा, तेल वर चढेल. फिरतच नसेल तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. ग्लो प्लग किंवा नोझल काढून आतलं पाणी निघतं का ते आधी बघा.

आणि क्लच चिकटलाच असेल तर: न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं तापवा, बंद करा. पुढे निदान पन्नास मीटर मोकळी जागा हवी, आजूबाजूला कोणी नको. ब्रेकची दोन्ही पेडलं आधी जोडून घ्या, म्हणजे दोन्ही चाकांना ब्रेक एकदम लागेल. वरचा गिअर टाका, क्लच दाबून सेल्फ मारा. ट्रॅक्टर लगेच पुढे जाईल. क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक दाबा-सोडा. बहुतेक वेळा प्लेट सुटते. दोन-तीनदा करूनही सुटली नाही तर मेकॅनिककडून ट्रॅक्टर मधोमध उघडून घ्या. जास्त धक्के दिले तर प्लेटचं लायनिंग उखडतं.