'परवानगी नाकारली' की 'परवानगी नाही'?

प्रश्न असा आला आहे: ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणारी प्रणाली) बसवून विंडोजवाल्यांसाठी सामाईक फोल्डर उघडला आहे. त्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहायची आहे, तर 'परमिशन'ला परवानगी म्हणावे, अधिकार म्हणावे की मुभा?

परवानगी आणि अधिकार दोन्ही लागतील, आणि एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागते. ती द्यायचा अधिकार घरमालकाचा. लिनक्समध्ये अगदी हेच आहे. फाइलच्या मालकाने स्वतःचीच वाचायची परवानगी काढून टाकली, तर त्यालाही फाइल वाचता येत नाही. पण ती परवानगी परत देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. लिनक्सचे संदेशही हा भेद पाळतात. वाचायला गेलात आणि अडलात, तर 'परमिशन डिनाइड'; दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड (परवानग्या बदलायची आज्ञा) चालवलात, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. पहिल्याला मी 'परवानगी नाही' म्हणेन, दुसऱ्याला 'तुम्हाला हा अधिकार नाही'.

पहिल्या संदेशाचे 'परवानगी नाकारली' असे भाषांतर मला खटकते. नाकारायला आधी कोणीतरी मागावी लागते आणि कोणीतरी नाही म्हणावे लागते. लिनक्सच्या मूळ रचनेत मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचन ४, लेखन २, चालवणे १ असे आकडे मांडलेले असतात. त्यांची बेरीज करून तिघांचा एकेक अंक होतो: ७५० म्हणजे मालकाला ७ (४+२+१), गटाला ५ (४+१), इतरांना ०. त्या शून्याचा अर्थ इतरांना काहीच दिलेले नाही, एवढाच. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (फाइली साठवण्याच्या तिच्या पद्धतीत) मात्र 'अलाउ'च्या शेजारी 'डिनाय'चा वेगळा रकाना असतो. ती खरी मनाई. एका गटामुळे परवानगी मिळाली आणि दुसऱ्या गटावर त्याच फोल्डरवर मनाई असली, तर मनाई वरचढ ठरते. 'परवानगी नाही' आणि 'मनाई आहे' हा फरक मराठीत आयता आहे, तो पुसू नका.

विंडोजचे 'एव्हरीवन' म्हणजे सर्व, लिनक्सचे 'अदर्स' म्हणजे इतर. 'इतर' म्हटले की मालक आणि गट आपोआप वगळले जातात, त्यामुळे दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचक फसेल.

फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' निरर्थक आहे. तिथे त्या १चा अर्थ आत शिरणे, म्हणून 'प्रवेश' लिहा. आणि हे ठळक अक्षरांत सांगा की फाइल पुसता येणे हे फाइलच्या नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या लेखन-परवानगीवर (आणि अर्थात प्रवेशावर) ठरते. लोक इथेच सर्वाधिक गोंधळतात.

मुभा मूळ अरबी 'मुबाह'वरून आलेला, ज्याला आडकाठी नाही असे काही सांगणारा. शब्द गोड आहे, पण त्यात सवलतीचा सूर आहे: 'उशिरा यायची मुभा'. आकड्यांत नेमून दिलेल्या गोष्टीला तो सैल पडतो.

सांबाबद्दल मात्र एक वाक्य असेच ठेवा: 'सांबाची आणि लिनक्सची, दोन्हींची परवानगी हवी.' सांबाच्या सेटिंगमध्ये लेखन खुले केले, पण त्यामागच्या लिनक्स फोल्डरवर ते नसले, तर विंडोजवाल्याला लिहिता येणार नाही.