राउझीविषयीचे अंदाज का फसले?

प्रश्न : मिश्र मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा आणि पकडी असे सारे चालणाऱ्या खेळाच्या) लढतीआधी जाणकार ठामपणे भाकिते करतात, मग रोंडा राउझी आणि होली होम यांच्या लढतीच्या वेळी ती इतकी कशी चुकली?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मेलबर्न येथे १५ नोव्हेंबर २०१५ रोजी, छप्पन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झालेल्या या लढतीआधी राउझी अपराजित विजेती होती, तिचे अजिंक्यपद पणाला लागले होते, बीजिंग ऑलिंपिकमधील ज्युदोचे कांस्यपदक तिच्या नावावर होते आणि त्याच वर्षी तिने कॅट झिंगानोला १४, तर बेथ कोरेयाला ३४ सेकंदांत हरवले होते. इतक्या झटपट विजयांमुळे बहुतेकांनी तिच्याच बाजूने कौल दिला. मात्र अशा विजयांत तिच्या बचावाची कसोटी लागलेलीच नव्हती, हे फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. होम ही मुष्टियुद्धातील माजी जगज्जेती, शिवाय डावखुऱ्या पवित्र्याने लढणारी. राउझी पकड घेण्यासाठी सरळ अंगावर धावत गेली, तेव्हा होम बाजूला सरकत, अंतर राखत ठोसे लगावत राहिली आणि दुसऱ्या फेरीच्या ५९व्या सेकंदाला तिच्या डाव्या लाथेने सामन्याचा निकाल लावला. (पकड हुकलेल्या मल्लाची अवस्था कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको.)

आता होमच दीर्घकाळ राज्य करणार, असे मानणारेही लवकरच तोंडघशी पडले. मार्च २०१६ मध्ये मीशा टेटने पाचव्या फेरीत गळा आवळून तिचे अजिंक्यपद हिरावले, आणि ही टेट राउझीकडून दोनदा हरलेली होती.