बहिणीच्या दारात वसुलीवाले आलेत, पण आधी पासबुक उघडा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेव्हणे तीन महिन्यांपूर्वी आजारपणात गेले, बहिणीच्या पदरात दोन लहान मुलं. तिच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाची दोन कर्जं, मेव्हण्यांच्या नावावर मोटारसायकलचं एक, आणि गावातल्या एकाकडून व्याजाने काढलेले पैसे वेगळेच. सोनं मोडून आधी कोणाचं भागवावं, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं एवढंच की आज सोनं मोडू नका. घराचं येणं किती आहे ते आधी शोधा, देण्याचं मग बघू.

हे मी अंगावर आल्यामुळे सांगते. माझे मिस्टर २०१९ मध्ये गेले. आठ महिने मी दुसऱ्यांच्या शेतात राबून हप्ते भरले, पाटल्या विकल्या. मग एक दिवस पासबुक छापून घेतलं, तर त्यात मे महिन्यातली ३३० रुपये कापल्याची ओळ. तो जीवनज्योती विम्याचा हप्ता होता. बँकेत मी त्यांच्या मृत्यूचा दाखला कधीच दिला होता, पण विम्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. उशीर झाला म्हणून हेलपाटे पडले, पण दोन लाख मिळाले. पाटल्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

म्हणून मेव्हण्यांची सगळी पासबुकं आजच भरून आणा. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता आता वर्षाला ४३६ रुपये आहे आणि तो बहुधा मेअखेरीस कापला जातो. नाव वर्षाच्या मध्येच घातलं असेल तर आकडा कमी दिसेल. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारस म्हणून नाव लावलेल्याला २ लाख मिळतात; फक्त नव्याने नाव घातल्यावर पहिल्या ३० दिवसांत आजाराने मृत्यू झाला तर मिळत नाहीत. २० रुपयांची ओळ दिसली तर तो अपघात विमा, तुमच्या बाबतीत तो लागू नाही. दावा त्याच शाखेत करायचा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. मेव्हणे कुठे कामाला होते आणि पगारातून पीएफ कापला जात होता का, तेही बघा. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफला जोडलेला विमा ७ लाखांपर्यंत असतो, आणि पत्नीला व मुलांना पेन्शन लागू होऊ शकते ती वेगळी.

आता गटाची कर्जं. ती बहिणीच्या सहीची आहेत, म्हणजे देणं तिचंच. पण कर्ज देताना विम्याचे पैसे कापून घेतलेले असतात, आणि पुष्कळदा त्या विम्यात नवराही धरलेला असतो. तसं असेल तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं. हे वसुलीला येणारा पोरगा आपणहून सांगेलच असं नाही. हप्त्याचं कार्ड आणि कर्जाचा कागद काढा, विम्याची रक्कम कुठे लिहिलीय ते बघा आणि कंपनीकडे लेखी मागणी करा. गटातल्या बायकांनाही हे मोकळेपणाने सांगा, कारण हप्ता चुकला की ताण त्यांच्यावर येतो आणि बोलणी बहिणीला बसतात.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की मायक्रोफायनान्सवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, आणि वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोन वेळा आला नाही तरच घरी यायची मुभा आहे. ऐकत नसतील तर कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

मोटारसायकलच्या कर्जावर बहिणीची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून आहे का? नसेल तर ते देणं मेव्हण्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच, तिच्या मजुरीवर किंवा तिच्या दागिन्यांवर ते येत नाही. मात्र शेत किंवा घर त्यांच्या नावावर असेल तर त्यावर बोजा येऊ शकतो. दुःखात असताना 'फक्त नाव बदलायचंय' म्हणून कोणी नवा कागद पुढे केला, तर सही करू देऊ नका. जे देणं तिचं नव्हतं, ते त्या सहीने तिचं होतं.

व्याजवाल्याला सरळ विचारा, परवाना आहे का. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्यात. जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर एक दिवसही थांबू नका. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

सरकारी मदतीत लोक सगळ्यात जास्त विसरतात ती बालसंगोपन योजना. वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २,२५०, म्हणजे दोघांचे ४,५०० होतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजना आहे, महिना १,५००; कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत हवं, म्हणून मेव्हण्यांच्या कमाईचा जुना दाखला जोडू नका, नवा काढा. लाडकी बहीणचे पैसे तिला येत असतील तर दोन्ही मिळून ३,००० धरू नका, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर कमावता माणूस गेल्याबद्दल एकदाच २०,००० मिळतात, तेही तहसीलमधूनच.

हे पैसे ज्या बँकेचं कर्ज आहे तिथल्या खात्यात येऊ देऊ नका, नाहीतर परस्पर हप्त्यात वळते व्हायची भीती असते. पोस्टात वेगळं खातं काढून आधार त्याला जोडा.

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी लागतात. पासबुक भरून आणलंत की ४३६ ची ओळ सापडली का, तेवढं कळवा. सापडली तर दाव्याचा अर्ज कसा भरायचा ते मी ओळीने लिहून देते.