शंभर हेक्टरांत एकच जोडी

प्रश्न : अ‍ॅमेझॉनमध्ये शेकडो जातींचे पक्षी असल्याचे वाचतो, पण तिथे आठवडाभर फिरून आलेल्यांना त्यातले बरेच दिसलेले नसतात. पक्षी घटले आहेत का?

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही, तिथे बहुतेक जाती मुळातच विरळ असतात. पेरूतल्या मानू राष्ट्रीय उद्यानात, कोचा काशू इथे, परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉन टेरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ९७ हेक्टर जंगलाची गणना केली. निवासी जाती २४५ निघाल्या. मात्र नोंदलेल्यांपैकी शंभरावर जातींची १०० हेक्टरांमागे जेमतेम एक जोडी, किंवा तीही नाही.

याचे एक कारण मिश्र थवे, म्हणजे अनेक जातींचे पक्षी मिळून फिरतात ते. आपल्याकडे भृंगराज पक्ष्यासोबत फिरणारे थवे जमतात आणि पांगतात. कोचा काशूतले झुडपी थरातले थवे मात्र वर्षभर टिकतात आणि सुमारे ५ हेक्टरांची हद्द मिळून राखतात. एका थव्यात एका जातीची साधारण एकच जोडी आणि तिची पिल्ले. दुसरी जोडी आली की हाकलली जाते. म्हणजे अन्न कितीही असो, १०० हेक्टरांत अशा जातीच्या वीसच्या वर जोड्या मावणे कठीण.

काही जाती विरळ दिसतात त्या जागेमुळे. मानू अँटबर्ड बांबूच्या बेटांत राहतो. तुमच्या वाटेवर बांबू नसेल तर तो ‘दुर्मीळ’, बेटात शिरलात तर नाही. हार्पी गरुडाला तर मुळातच अफाट शिकारक्षेत्र लागते.

प्रश्न : आम्ही ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात १० मिनिटे मोजतो. १०० ठिकाणी न सापडलेली जात ‘नाही’ लिहावी का?

उत्तर : नको. तुमचे वर्तुळ ०.७९ हेक्टरांचे. १०० हेक्टरांत एकच जोडी असेल, तर ती वर्तुळात असण्याची शक्यता एक टक्काही नाही. एकही पक्षी नजरेतून सुटत नाही असे धरले (प्रत्यक्षात पुष्कळ सुटतात), तरी १०० ठिकाणी ती एकदाही न सापडण्याची शक्यता ४५ टक्के. त्यापेक्षा ठरावीक भूखंडावर उजाडायच्या आधीपासून पुन्हा पुन्हा फिरून गाणाऱ्या नरांच्या जागा नकाशावर मांडा. एकाच वेळी ऐकू आलेले दोन नर म्हणजे नक्की दोन हद्दी. फक्त पक्षी पकडायच्या जाळ्यांवर विसंबलात तर शेंड्यावरचे पक्षी हाती लागत नाहीत. आणि मोजणी चालू असताना ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका. पक्षी वर्तुळाबाहेरून ओढले जातात आणि विरळ जात भरपूर असल्यासारखी दिसते.