माझ्या पॅनवर कुणीतरी परस्पर फर्म उघडली आहे. आयकराचं रिटर्न आत्ता भरू की आधी तक्रार मिटू देऊ? नवीन पॅन काढता येईल का? आणि माझ्या नावावर कुणी कर्जही काढलं असेल तर ते कसं कळेल?

भरा. मुदतीत भरा, आणि जे उत्पन्न तुमचं नाही त्यातला एक रुपयाही त्यात दाखवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे आणि मी इथंच थांबणार होते. पण तुम्ही खाली लिहिलंय की 'आमचे टॅक्सवाले म्हणतात, थोडा नफा दाखवून मिटवून टाकू', आणि ते वाचून माझं डोकं फिरलं. हेच वाक्य मी ऐकलंय, तेही घरच्या माणसाच्या तोंडून.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. पगार सोडला तर दुसरं उत्पन्न नाही. २०२३-२४ चं रिटर्न भरायला जुलैत बसले आणि सवयीने एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवरच्या वर्षभराच्या व्यवहारांचं आयकराच्या साइटवरचं पत्रक, उघडलं, तर पगाराच्या खाली आणखी एक ओळ. कलम १९४सी, म्हणजे कंत्राटाचे पैसे. १८ लाख रुपये मिळाले म्हणे मला, आणि त्यावर एक टक्का दराने १८ हजार टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून भरलेला. पैसे देणारी कंपनी मी आयुष्यात ऐकलेली नाही. १८ लाखांचं कंत्राट घेणारी बाई रिक्षाचे दहा रुपये वाचवायला आसरा चौकातून चालत जाते का, असं मी स्क्रीनलाच विचारलं.

हिशेबातली असल्यामुळे पुढची गोष्ट लगेच सुचली, ती तुम्हीही आज रात्रीच करा. जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये पॅनवरून शोधता येतं, लॉगिन लागत नाही. आपल्या पॅनवर देशात कुठे कुठे जीएसटी नंबर काढलेत ते सगळे दिसतात. माझ्या पॅनवर एक निघाला, सुरुवातीचे आकडे ०७. आपलं महाराष्ट्राचं २७, दिल्लीचं ०७. पुढची दहा अक्षरं माझा पॅन, जसाच्या तसा. लीगल नेमच्या जागी माझं नाव आणि ट्रेड नेमच्या जागी कसलीशी 'एंटरप्रायझेस'. मी दिल्ली बघितलेली नाही.

आता दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त. सगळ्या नातेवाइकांची रिटर्नं तेच भरतात, चहाच्या बोलीवर. माणूस वाईट नाही. पण त्यांचं एक तत्त्व आहे, सरकारी कागदाशी वाद घालायचा नाही. मी एआयएसची प्रिंट घेऊन गेले तर त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. १८ लाखांवर ४४एडी खाली, म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवायच्या कलमाखाली, सहा टक्के नफा दाखवायचा, झाले १ लाख ८ हजार. तुझा पगार ३ लाख ६० हजार, त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे ५० हजार वजा. सगळं मिळून ४ लाख १८ हजार. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत रिबेट (करमाफी), म्हणजे कर शून्य. आणि कापलेले १८ हजार रिफंड! "घरात लक्ष्मी येतीय आणि तू उगं कशाला ताणलालीस?"

हिशेब बरोबर होता बरं का. एका पैशाची चूक नव्हती, आणि म्हणूनच तो घातक आहे. तुमच्या टॅक्सवाल्यांनीही बहुतेक हाच मांडला असेल. लोक यात फसतात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. कर लागत नाही, उलट पैसे मिळतात, कटकट संपते, मग नाही कोण म्हणेल?

पण त्या आयटीआर-४ वर, म्हणजे असा धंदा दाखवायच्या फॉर्मवर, तुम्ही काय लिहून देता ते बघा. 'मी धंदा करतो, ही उलाढाल माझी, हा टीडीएस माझा', खाली आधार ओटीपीने तुमचीच पडताळणी. दुसऱ्याच्या टीडीएसवर हक्क सांगायचा तर त्यामागचं उत्पन्न आपलं म्हणावंच लागतं, एक सोडून दुसरं घेता येत नाही. उद्या त्या फर्मच्या नावावर बोगस बिलं निघाली, त्यावर कुणी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) उचललं, की जीएसटीवाले विचारणार, फर्म तुमची का? आणि उत्तर तुम्ही आधीच देऊन बसलेले असाल. मी दाजींना विचारलं, तशी नोटीस आली तर उत्तर तुमच्या सहीने द्याल का? त्यांनी आतल्या खोलीकडे बघून बहिणीला ताक आणायला सांगितलं.

'ती फर्म खरंच तू काढली नाहीस ना? बघ हं, विस्तवाशिवाय धूर निघत नाही', हे वाक्यही त्याच दिवशी दाजींच्या तोंडून ऐकलं. यावरून आमचं सहा महिने बोलणं बंद होतं. चोरी ज्याच्या घरी झाली त्यालाच 'दार उघडं कशाला ठेवलं' विचारायची आपल्याकडे खोडच आहे. दार उघडं नसतं कुणाचं? मोबाईलच्या दुकानात झेरॉक्स, हप्त्यावर फ्रिज घेतला तर झेरॉक्स, सोनं तारण ठेवलं तर झेरॉक्स. आमच्या गल्लीतल्या विडी कामगार बायका पीएफच्या कामासाठी आधार-पॅन एजंटाच्या हातात देतात, कारण दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवलेलाच नाही. माझा पॅन कुठून गेला याचा मी शोध घेतला नाही. तुम्हीही त्यात वेळ घालवू नका. कुठून गेला यापेक्षा 'हे माझं नाही' असं तारखेसकट लिहून ठेवणं महत्त्वाचं.

मी आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा फॉर्म, भरला. फक्त पगार. तो १८ हजारांचा टीडीएस रिटर्नमध्ये आपोआप भरून आला होता, ती ओळ काढून टाकली. पैसे २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) पडून राहिले तर राहू देत, ते आपले नव्हेतच. त्याआधी एआयएसमध्ये त्या नोंदीवर 'इन्फर्मेशन इज डिनाइड' असा अभिप्राय दिला. हे रिटर्नच्या आधी करा आणि त्याची पीडीएफ उतरवून ठेवा, तारीख तुमच्या बाजूने बोलते. अभिप्राय दिला की माहिती देणाऱ्या कंपनीकडे विचारणा जाते आणि तिने काय उत्तर दिलं हे २०२४ पासून एआयएसमध्ये दिसतंही. माझ्या वेळी त्या कंपनीने माहिती बरोबर असल्याचं ठोकून दिलं. घाबरू नका. त्यांच्या दृष्टीने ती बरोबरच, पैसे त्यांनी त्या पॅनच्या फर्मला दिलेत. ती नोंद जायची तर कंपनीलाच टीडीएसचं दुरुस्ती विवरण भरावं लागतं. मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. पत्राची पावती मात्र पुढे कामाला आली.

पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. साहेबांनी विचारलं, "पैसे किती गेले?" म्हटलं, गेले नाहीत. "मग तक्रार कसली?" तुम्हालाही हेच विचारतील, तेव्हा उत्तर पाठ करून जा. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणं हाच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६६सी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पैसे जाण्याची अट त्यात नाही. आधी सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, तिचा नंबर अर्जात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. एफआयआर घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने लेखी कळवता येतं. १९३० हा नंबर खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच फिरवायचा, आपल्या प्रकरणात त्याचा फारसा उपयोग नाही.

जीएसटीच्या बाजूला पॅनच्या गैरवापराची तक्रार त्यांच्या साइटवरच करता येते, तीही करा. पण तेवढ्यावर विसंबू नका. तो जीएसटी नंबर साइटवर उघडला की त्याचं क्षेत्र कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे ते दिसतं, त्या अधिकाऱ्याला सगळे कागद जोडून ईमेल आणि पोस्ट दोन्ही करा. एक गंमत सांगते. फर्म 'माझी', पण तिचं लॉगिन मला उघडता येत नव्हतं, कारण तिथला मोबाईल आणि ईमेल दोन्ही चोराचे. नोटीस ऑनलाइन आली तर ती त्यालाच दिसणार!

पुढच्या वर्षी पोस्टाने पाकीट आलंच. बोगस बिलांवर दिलेल्या क्रेडिटची कारणे दाखवा नोटीस, आकडा कोटीत. आई देवासमोर जाऊन बसली. मी फाईल काढली. उत्तर पानभरही नव्हतं. रिटर्नमध्ये फक्त पगार, कारखान्याचा फॉर्म १६ आणि हजेरीचा दाखला, एआयएसमधला नकार अमुक तारखेचा, पोलिसांची पोच अमुक तारखेची, आणि हे सगळं तुमच्या नोटिशीच्या आधीचं. एका वकिलाने ते नीट भाषेत बसवून दिलं, त्याचे पैसे वाजवून घेतले. पुढे साइटवर त्या नंबरापुढे 'कॅन्सल्ड सुओ मोटो', म्हणजे खात्याने आपणहून रद्द केलेला, असं दिसायला लागलं आणि मागणीतून माझं नाव वगळल्याचा कागद आला. मी ४४एडी भरून १८ हजार घेतले असते तर या फाईलमध्ये घालायला माझ्याकडे काय उरलं असतं?

दाजी म्हणतात, "तुझं नशीब." म्हणोत. यंदा बहिणीचं रिटर्न तिने माझ्याकडून भरून घेतलं.

तुमच्या टॅक्सवाल्यांनी ते 'मिटवून' आधीच भरलं असेल तर सुधारित रिटर्नची मुदत आहे का ते आजच बघा. ती निघून गेल्यावर 'अपडेटेड रिटर्न' आहेच की, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ते राहून गेलेलं उत्पन्न दाखवण्यासाठी आहे, दाखवलेलं कमी करण्यासाठी नाही. आणि तक्रार मिटेपर्यंत रिटर्न न भरणं तर आणखी वाईट. आयटीआर-१ ची मुदत ३१ जुलै, त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं, पाच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर एक हजार, वर असेल तर पाच हजार. पण उशिरा भरलेल्या रिटर्नकडे बघणारा माणूस आधी 'उशीर का' हेच विचारतो. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायला विसरू नका, नाहीतर भरलं काय नि न भरलं काय.

हे आधीच सांगायला हवं होतं, माझं प्रकरण सोपं होतं. पगारदार, एकच मालक, तीस वर्षं सोलापुरात. तुमचा स्वतःचा धंदा असेल आणि स्वतःचा जीएसटी नंबरही असेल तर तुमची आणि चोराची उलाढाल वेगळी काढून दाखवणं हे मोठं काम आहे, त्याला चांगला सीए लागतो. कलम १४८ए ची, म्हणजे जुन्या वर्षाचं प्रकरण पुन्हा उघडण्याआधीची, नोटीस आली असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आजच माणूस गाठा, त्यात उत्तराला सात दिवसही असू शकतात. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत. मी लिहिलेले जुने आहेत. त्या तारखेआधीच्या वर्षांना जुनेच लागतील.

नवीन पॅन काढता येत नाही. एका माणसाला एकच, दुसरा घेतला तर दहा हजार दंड, आणि जुन्यावरची फर्म तशीच राहणार ती राहणारच. इ-फायलिंगचा पासवर्ड बदला, तिथला मोबाईल-ईमेल तुमचाच आहे का ते बघा, तिथलंच 'व्हॉल्ट' (लॉगिनला जादा कुलूप) चालू करा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी साइटवर दिसतं. तुमचं नसलेलं तिथूनच नाकारता येतं.

कर्जाचंही तुम्ही विचारलंय, त्यातून मी गेलेले नाही. तरी सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चौघांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, एकात नसलेलं कर्ज दुसऱ्यात सापडू शकतं. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती मागणी पहिल्याच अर्जात लिहून टाका.