महिन्याचे वीस हजार म्हणजे पगार नव्हे

मानोरा तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय: बहीण डी.फार्म झाली, गावात जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान टाकायचं आहे, सरकार आता महिन्याला २० हजार देतं, मग तोटा कसा होईल?

होतो, भाऊ. मी दिग्रसकडे आठ वर्षं केंद्र चालवतो, माझाही झाला.

ते २० हजार म्हणजे केंद्रचालकाला मिळणारं प्रोत्साहन: महिन्याच्या खरेदीच्या २० टक्के, आणि जास्तीत जास्त २० हजार. आधी १५ टक्के आणि १५ हजार होते. हिशेब मांडून पाहा: तेव्हाही पूर्ण रक्कम घ्यायला महिन्याला एक लाखाचा माल उचलावा लागायचा, आताही तेवढाच लागतो. वरून ठरवून दिलेल्या २०० औषधांचा साठा दुकानात असला पाहिजे, ही अट आली. तुम्ही महिन्याला ३० हजारांचा माल खरेदी केला आणि तो गावात खपला, तर प्रोत्साहनाचे ६ हजार. मार्जिन एमआरपीवर २० टक्के; ३० हजारांच्या खरेदीची एमआरपी साडेसदतीस हजार, म्हणजे मार्जिन साडेसात हजाराच्या आसपास. साडेतेरा हजारात भाडं, लाइटबिल आणि बहिणीची मेहनत बसवा.

मी काय केलं? आकडा गाठायचा म्हणून मार्चमध्ये खोकल्याच्या औषधाच्या पेट्या उचलल्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोकल्याचं औषध कोण घेतं? एक्सपायरी झाली तेव्हा कळलं, १५ टक्के मिळवायला मी शंभर टक्के घालवले. बायको अजून त्या पेट्यांची आठवण काढते.

तुमचा जिल्हा वाशीम, ही मात्र जमेची बाजू. विदर्भातून आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे केंद्र सरकारनं विकासात मागे म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत, वाशीम आणि गडचिरोली आहेत. तिथं फर्निचरला दीड लाख आणि कॉम्प्युटर-प्रिंटरला ५० हजार असे एकदाच २ लाख मिळतात. महिला अर्जदारालाही तीच सवलत आहे, त्यामुळे अर्ज बहिणीच्याच नावानं करा. अर्जाचे ५ हजारही वाचतील. पण पैसे आधी तुमचे जातात, परतावा बिलावर मिळतो. सुताराला रोख देऊन कच्ची चिठ्ठी घेऊ नका.

खरं गिऱ्हाईक बीपी-शुगरचं, कारण ते दर महिन्याला येतं. पण तेही सहज वळत नाही. एक आजी पदराच्या गाठीतून रिकामी स्ट्रिप काढायची आणि माझ्या गोळीकडे संशयानं बघायची, "थे गुलाबी होती, हे पांढरी कायले देतं बा?" दोन्ही स्ट्रिपवरचं औषधाचं नाव तिच्या नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, तेव्हा पटलं. प्रत्येक घरात हे करावं लागतं, आणि त्याचं प्रोत्साहन कोणी देत नाही. उधारी तर सोयाबीन विकल्याशिवाय सुटतच नाही.

म्हणून दुकान बघायच्या आधी आशाताईंना भेटा. आजूबाजूच्या चार-पाच गावांत रोजच्या गोळीवाले किती, आणि त्यातले किती जण सरकारी दवाखान्यातून फुकट नेतात, ते विचारा. दुसरा आकडा पहिल्यातून वजा करा. दीडशेच्या खाली आला, तर मी तरी गावात टाकणार नाही, मानोऱ्याला बसस्टँडजवळ गाळा बघेन. तुमची सोसायटी स्वतः केंद्र काढते का, तेही सचिवाला विचारून घ्या. २०२३ पासून विविध कार्यकारी सोसायट्यांनाही केंद्र देतात.

आणि एक घरातलं, राग मानू नका. दुकानाचा परवाना फार्मासिस्टच्या नावावर चालतो. बहिणीचं लग्न होऊन ती दुसरीकडे गेली, तर दुसरा फार्मासिस्ट मिळेस्तोवर शटर खाली. स्थळं बघणं चालू असेल, तर आधी तिला विचारा, तिला हे दुकान कुठं हवंय ते.