वाचकांचे प्रश्न : ऐन हिवाळ्यात क्युबेक सिटीला एकटीने जावे का?

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेतून इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. येत्या फेब्रुवारीत मुलीकडे टोरांटोला जाणार आहे. तिला आणि जावयांना त्या दिवसांत रजा मिळणार नसल्याने चार-पाच दिवस एकटीनेच कॅनडातलीच फ्रेंच भाषिक क्युबेक सिटी पाहून यावी, असे मनात आहे. घरातील सर्वांचे म्हणणे, उन्हाळ्यात जा. मला फ्रेंच येत नाही, मी शाकाहारी आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. अशा परिस्थितीत जाणे शहाणपणाचे ठरेल का, आणि गेल्यास दिवस कसे आखावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाई, आपण अवश्य जावे. इतिहास शिकवलेल्या माणसाने हे शहर हिवाळ्यातच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात येथे मोठमोठ्या जहाजांतून पर्यटक उतरतात आणि गल्ल्या माणसांनी भरून जातात. हिवाळ्यात मात्र झाडे निष्पर्ण होतात, गर्दी ओसरते आणि शहराची मूळ रचना उघडी पडते : खाली सेंट लॉरेन्स नदी, तिच्यावर उभा कडा, कड्यावर तटबंदीचे वरचे शहर आणि कड्याच्या पायथ्याशी व्यापाऱ्यांचे खालचे शहर. फ्रेंच दर्यावर्दी सामुएल द शाँप्लँ याने १६०८ साली आपली वखार याच ठिकाणी का बांधली, हे त्या कड्यावरून नदीकडे पाहिले की नकाशाविना समजते, कारण येथे नदीचे पात्र अरुंद होते आणि वर जाणारे प्रत्येक जहाज तोफेच्या टप्प्यात येते.

थंडी हा या शहराच्या इतिहासाचाच भाग आहे. शाँप्लँबरोबर पहिल्या हिवाळ्यात २८ माणसे राहिली आणि वसंत ऋतू उजाडेपर्यंत त्यांतील केवळ ८ जिवंत उरली. त्याच्या आधी १५३५–३६ च्या हिवाळ्यात जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीचे लोक स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, एकामागून एक मरत होते, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांनी एका सूचिपर्णी झाडाच्या साली-पानांचा काढा दाखवला आणि उरलेले वाचले. ज्या लोकांच्या ज्ञानामुळे हे युरोपीय तगले, त्यांच्याच प्रदेशावर पुढे वसाहत उभी राहिली, ही गोष्ट शहर पाहताना विसरू नये. शहराला लागूनच वेंडाके ही ह्युरॉन-वेंडाट या मूळ रहिवाशांची वस्ती असून तेथे त्यांचे संग्रहालय आहे. एक दुपार तिच्यासाठी राखून ठेवावी.

आता राहण्याविषयी. तटबंदीच्या आत किंवा तिला अगदी लागून खोली घ्यावी, भाडे थोडे जास्त पडले तरी. एकट्या प्रवाशाला हिवाळ्यात सर्वांत मोठा आधार असतो तो दहा मिनिटांत आपल्या खोलीवर परतता येण्याचा. ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेल्या जुन्या रुग्णालयाच्या मठात आता प्रवाशांसाठी खोल्या आहेत आणि तेथे सकाळची न्याहारी मौन पाळून केली जाते. एकटीने जेवायला बसण्याचा संकोच वाटत असेल, तर ही जागा आपणांस विशेष आवडेल. दरवर्षी जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहराचा हिवाळी उत्सव असतो आणि तेव्हा खोल्या महाग होतात. बर्फाच्या तुकड्यांनी भरलेल्या नदीतून होड्या ओढत-वल्हवत नेण्याची शर्यत पाहायची असेल तर त्या दिवसांत जावे, नाही तर उत्सव संपल्यानंतरचा आठवडा निवडावा. तोवर सूर्यास्तही पाचच्या पुढे गेलेला असतो.

दिवसाची आखणी करताना एक नियम पाळावा : पाऊण तास बाहेर, मग तासभर आत. फेब्रुवारीत दिवसाचे तापमान साधारण उणे ५, रात्रीचे उणे १५ च्या आसपास असते, पण थंडीची लाट आली तर पारा उणे २५ पर्यंत उतरतो आणि नदीवरचा वारा त्यात भर घालतो. अंगाला घट्ट बसणारा लोकरी थर, त्यावर उबदार स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारा जाड कोट असे तीन थर हवेत. सुती बनियन घामाने ओले होते आणि मग अंग गार पडते, म्हणून ते टाळावे. बूट येथून नेऊ नयेत, टोरांटोला मुलीबरोबर जाऊन घ्यावेत, आणि त्यांच्या तळाला ओढून बसवायची खिळ्यांची रबरी जाळी तेव्हाच घ्यावी. गुडघ्याला खरा धोका थंडीपेक्षा निसरड्या उतारांचा आहे. ही जाळी हॉटेलच्या दारातल्या बाकावर बसून चढवावी, पुढून बोटांवर आणि मागून टाचेवर नीट बसली की नाही ते हाताने चाचपावे आणि संग्रहालयात शिरताना काढून पिशवीत ठेवावी, कारण गुळगुळीत फरशीवर तीच घसरते. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी गारठ्याने झपाट्याने उतरते. छपरांवरून बर्फाचे ढीग कोसळतात, तेव्हा जेथे दोरी किंवा पाटी लावलेली दिसेल तेथून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जावे.

पहिला दिवस वरच्या शहरासाठी ठेवावा. शातो फ्राँतनाक या १८९३ साली उघडलेल्या हॉटेलसमोर लाकडी फळ्यांचा लांबलचक सज्जा आहे, त्याचे नाव डफरिन टेरेस. हे नाव आपण वर्गात अनेकदा घेतले असेल. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन ते हेच. त्याआधी १८७२ ते १८७८ या काळात ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. ब्रिटिश पलटण निघून गेल्यावर शहरवासीयांनी वेशी पाडायला सुरुवात केली होती. वाहतुकीला अडचण होते, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. डफरिन यांनी तट राखून नव्या रुंद वेशी बांधण्याचा आग्रह धरला, म्हणून आज साडेचार किलोमीटरहून अधिक लांबीची ती तटबंदी शाबूत आहे आणि १९८५ साली जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळू शकला. आपल्याकडे अनेक शहरांचे तट आणि वेशी याच कारणाने जमीनदोस्त झाल्या, त्यामुळे सेंट लुई वेशीखालून जाताना मला या गोष्टीचे मोल फार वाटते.

उर्सुलिन जोगिणींचा मठ आपण चुकवू नये. १६३९ साली या स्त्रिया फ्रान्सहून आल्या आणि त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुलींना शिकवण्यासाठी स्त्रियांनी समुद्र ओलांडल्याची ही कथा एका शिक्षिकेने त्याच आवारात उभे राहून वाचावी अशी आहे. १७५९ च्या १३ सप्टेंबरला शहराबाहेरच्या अब्राहमच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला, त्यात इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती माँकाल्म दोघेही कामी आले. माँकाल्मला प्रथम याच मठाच्या प्रार्थनागृहात पुरले होते. पुढे चारच महिन्यांनी आपल्याकडे दक्षिण भारतात वांदिवाशला इंग्रज सेनापती आयर कूटने फ्रेंचांना हरवले आणि १७६३ च्या पॅरिस तहात दोन्ही खंडांतील हिशेब एकाच कागदावर मिटले. आपण शिकवलेल्या धड्याचे दुसरे टोक त्या पठारावर आहे. हिवाळ्यात तेथे लोक बर्फावरून स्की घालून फिरत असतात.

खालच्या शहरात उतरताना जिन्याचा हट्ट धरू नये. १८७९ पासून कड्यावर रुळांवरून चालणारा पाळणा आहे. तो चालू असल्याची खात्री करून त्यानेच जावे-यावे. खाली पेटी शाँप्लँची अरुंद गल्ली आणि प्लास रॉयालचा चौक पाहून लेव्हीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसावे. ही बोट बारा महिने चालते आणि पैलतीर जेमतेम किलोमीटरभरावर आहे. काठाशी उभे राहिले की बर्फाच्या थाळ्या बोटीच्या पत्र्याला घासत, एकमेकींवर चढत जाताना ऐकू येतात. येथपर्यंत समुद्राची भरती पोहोचते, म्हणून काही तास हा सारा बर्फ उलट्या दिशेने, नदीच्या वरच्या अंगाला जातो. परतीच्या वाटेवर शहराचा कडा समोर येतो आणि हे दृश्य कोणत्याही गच्चीवरून मिळत नाही.

भाषेची चिंता करू नये. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणावे, मग इंग्रजीत बोलावे. तेवढा मान राखला की बहुतेक लोक आनंदाने इंग्रजीत उत्तर देतात. जेवणाबाबत मात्र दक्ष राहावे. वाटाण्याच्या सुपात बहुधा डुकराचे मांस असते, कांद्याच्या सुपाचा रस बऱ्याचदा गोमांसाचा असतो आणि पुतीन या बटाट्याच्या पदार्थावरची दाट रस्साही पुष्कळदा मांसाचाच असतो, म्हणून ‘सां व्हियांद’, म्हणजे मांसाविना, असे विचारून घ्यावे. धिरड्यासारखे क्रेप, चीज आणि पाव सहज मिळतात. मेपलचा उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात, तो जरूर खावा.

प्रवासी आरोग्य विमा टोरांटोसाठी काढाल तोच क्युबेक प्रांतातही लागू आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. रोज संध्याकाळी मुलीला ठरलेल्या वेळी फोन करावा.

प्रश्न : मी माँट्रियलला शिकतो. सकाळी जाऊन रात्री परत, अशा एका दिवसात क्युबेक सिटी, माँमोरान्सी धबधबा आणि बर्फाचे हॉटेल हे तिन्ही होईल का?
– एक विद्यार्थी, मूळचा नागपूरचा

उत्तर : होणार नाही. आगगाडीने एका बाजूलाच तीन तासांहून अधिक लागतात आणि हिवाळ्यात दिवस लहान असतो. एक रात्र मुक्काम करावा. पहिल्या दिवशी जुने शहर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धबधबा पाहावा. तो ८३ मीटर उंच, म्हणजे नायगाऱ्याहूनही उंच आहे आणि उडणारे तुषार गोठून त्याच्या पायथ्याशी बर्फाची टेकडी तयार होते. बर्फाचे हॉटेल शहरापासून दूर आहे, आपण विद्यार्थी आहात आणि खर्चही बराच आहे, त्यामुळे या खेपेस ते वगळावे.